शास्त्रीय दही

तिसऱ्या दिवशीही दही लागलं नाही, तेव्हा शास्त्रज्ञांनी बायकोची उलटतपासणी सुरू केली.

"विरजण किती घातलंस?"

"रोज घालते तेवढंच."

"दुधाचं तापमान?"

"बोट घालून बघितलं."

"बोट!" शास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. जंतूंवर संशोधन करण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याच घरात जंतू बोटाच्या भरवशावर वाढवले जातात, याचं त्यांना मनापासून दुःख झालं. रात्री त्यांनी थर्मामीटर लावून, तोंडाला फडकं बांधून, स्वतः विरजण लावलं. बरणी अर्थात तीन दिवस बायको वापरत होती तीच, याच आठवड्यात प्रयोगशाळेतून आणलेली जाड काचेची. इतकी सुरेख वस्तू टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून नळाखाली विसळून त्यांनी ती घरी आणली होती.

सकाळी बरणीत दूधच होतं.

"मी हातसुद्धा लावलेला नाही हं," बायको म्हणाली.

मग उरला दूधवाला. शास्त्रज्ञ बरणी तशीच उचलून प्रयोगशाळेत गेले आणि संध्याकाळी त्यांनी दूधवाल्यासकट सगळी इमारत जिन्यात गोळा केली.

"दुधात अँटिबायोटिक आहे! साधंसुधं नव्हे, दिसेल त्या जंतूचा फडशा पाडणारं!"

दूधवाल्याचा चेहरा उतरला. ही इमारत म्हणजे त्याचं निम्मं गिऱ्हाईक. "साहेब, माझ्या गाईंना साधी शिंकसुद्धा आलेली नाही. पोटावर पाय देऊ नका हो!"

"यंत्र खोटं बोलत नाही."

"पण आमचं दही तर रोज लागतं," खालच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या.

"म्हणजे तुमचे जंतू औषधालाही दाद देत नाहीत! ते तर आणखी घातक!"

मावशी घाबरून दही ओतून टाकायला पळाल्या. उद्यापासून रतीब बंद करायचं बाकीच्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अडाणी माणसाची भीती त्याच्यापुरती असते. शिकलेला माणूस ती इमारतभर वाटतो.

"अहो," बायकोने विचारलं, "हे औषध गुरांच्या डॉक्टरकडे मिळतं?"

"छे!" शास्त्रज्ञांची छाती फुगली. "बाजारातच मिळत नाही. फक्त संशोधनासाठी असतं. अख्ख्या शहरात ते एकट्या माझ्या प्रयोगशाळेत आहे. कुलूपबंद! आणि किल्ली माझ्या खिशात!"

बायकोने एकदा दूधवाल्याकडे पाहिलं.

"मग गाईला दिलं कोणी?"

"याने चोरून..." शास्त्रज्ञ मध्येच थांबले.

"आणि त्या बरणीत आधी काय होतं?"

शास्त्रज्ञांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याच दूधवाल्याच्या दुधाला जुन्या पातेल्यात विरजण लावलं, बोट घालून. सुरीने कापावं असं दही लागलं. रतीब कोणाचाच बंद झाला नाही.

आता दूध घ्यायला शास्त्रज्ञ दारात उभे राहतात. बायकोचा तसा हुकूम आहे.

"आधी भांडं बघू," दूधवाला म्हणतो. मग उजेडात धरतो, हुंगतो, आतून बोट फिरवतो. शेजारी आपापली पातेली घेऊन तोवर शांतपणे थांबतात.

"कोणी घासलंय, साहेब?"

"मी."

"मग ताईंना एकदा घासून द्यायला सांगा."