आनंदराज, नांदेडहून

"आज माझा आवाज लातूरला पोचला न्हाई, तर मिशी उतरवतो," असं बाबांनी त्या रविवारी सकाळी फोनवर जाहीर केलं. मिशी शाबूत राहिली. तिच्याखालची अब्रू तेवढी गेली. तो त्यांचा शेवटचा साधा दिवस होता. अर्थात 'साधा' हा शब्द बाबांच्या बाबतीत जपूनच वापरावा लागतो.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली माणसं शेती धरतात, नाहीतर राजकारण. बाबांनी हॅम रेडिओ, म्हणजे बिनतारी सेटवरून दूरदूरच्या अनोळखी लोकांशी बोलायचा छंद, धरला. परीक्षा दिली, परवाना काढला, स्वतः जोडलेला सेट मधल्या खोलीत मांडला आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणली. आईने त्याच दुपारी तिच्यावर ओल्या चादरी टाकल्या.

"चांगुणा, तो अँटेना हाय."

"मंग? चादरी वाळत न्हाईत का त्याच्यावर?"

तेव्हापासून जगाशी बोलण्याआधी बाबांना चादरी काढाव्या लागत.

मी लातूरला कॉलेजात शिकवते. बाबांनी मला एक रिसीव्हर आणून दिला होता. परवाना नसल्यामुळे मला फक्त ऐकता येणार होतं, बोलता येणार नव्हतं.

"माझं लग्नापासून तेच चालू हाय," आई म्हणाली.

या छंदात एक शिस्त आहे. दुसऱ्याचा आवाज आला की आधी तो कसा आला ते सांगायचं. अगदी खणखणीत आला, तर 'पाच-नऊ'. बाबांना आजवर कुणी पाच-नऊ दिला नव्हता. खरं तर कुणी काहीच दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी रिसीव्हर जरासा खरखरला आणि त्यातून बाबा आले. आधी परवान्यावरची अक्षरं, मग, "आनंदराज, नांदेडहून. कुणी ऐकतंय का? ओव्हर." इतकं स्वच्छ, की 'ओव्हर'च्या आधी गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. मी उडालेच! लगेच त्यांना फोन लावला. तो बंद. रेडिओत घरघर नको म्हणून ते फोन बंद ठेवत.

नांदेडच्या आमच्या घराच्या भिंतीला लागून विहार आहे. तिथे पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चाललं होतं. विहाराचा अँप्लिफायर जुना. शेजारचं काहीही उचलून स्वतःचं म्हणून ऐकवणारा. वाचन करणाऱ्या संघपालने माइकवर विचारलं, "दुःखाचं कारण काय?" आणि कर्ण्यातून उत्तर आलं, "आनंदराज, नांदेडहून."

हे सगळं मला लातुरात बसून कळलं, कारण हात दुखू नये म्हणून बाबांनी माइकच्या बटणाला रबर गुंडाळून ठेवलं होतं. बटण दाबलेलंच. दार वाजलं आणि शेजारच्या धुरपतामावशी माझ्या रिसीव्हरमध्ये आल्या.

"भाऊ, वाचनात काहून बोलून राहिले?"

"मी तर घरात बसलोय."

"तुम्ही घरात अन् आवाज विहारात. सारी माणसं हसून राहिलीत. संघपाल तर पुढं वाचेनाच."

"घरात ह्यांचं कुणी ऐकत न्हाई," आई म्हणाली, "म्हणून भायेर बोलून राहिले."

हे वाक्यही कर्ण्यातून गल्लीभर गेलं. त्यामागून आलेला हशा मला लातुरापर्यंत ऐकू आला. मी आईला फोन लावला. तिच्या फोनची रिंग माझ्याच रिसीव्हरमध्ये वाजली.

"प्रिया असंल," आई म्हणाली. "थांबंल जरा."

"अगं, उचल ना," मी रिसीव्हरला म्हणाले. रिसीव्हर काय फोन उचलणार?

मग बाबा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "गल्लीनं ऐकलं, ठीक हाय. पण पोरीनं एकदा पाच-नऊ म्हणलं असतं ना मावशी, तर लई बरं वाटलं असतं."

"हे बी विहारात चाललंय का काय?" मावशींनी विचारलं.

रबर तुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत.

शेवटी फोन मावशींनीच उचलला. "तुझा बाप विहारात माफी मागाया गेला. सकाळी बोल, माय."

मी बरं म्हटलं. सकाळी फोन आईचा आला. बाबा झोपेतच गेले होते.

त्यानंतर संघपालचं वाचन एकदाही तुटलं नाही, असं आईने फोनवर सांगितलं. मला तेच सहन होईना. लातुरात एका जागी बसवत नव्हतं. बसले की रिसीव्हर लावायचा, उठले की बंद करायचा, पुन्हा बसायचं. शेवटी बाबांनी दिली होती त्या परवान्याच्या परीक्षेची पुस्तकं आणली. अस्वस्थ माणसाला काहीतरी घोकायला लागतं. परवाना हाती पडेपर्यंत पुढचा वर्षावास आला.

नांदेडला गेले. आई भाजी निवडत बसली होती.

"सेट लावते," मी म्हटलं.

"लाव. चादरी काढ आधी."

बाबांच्या खुर्चीत बसून बटण दाबलं. माझी अक्षरं सांगितली. "बुद्धप्रिया, नांदेडहून. कुणी ऐकतंय का? ओव्हर."

खरखर. पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा खरखर. शेजारचं वाचन थांबल्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

"ऐकून राहिलो, माय," खिडकीतून आवाज आला. धुरपतामावशी गजांना धरून उभ्या होत्या. "सारा विहार ऐकून राहिला."

मी बटण सोडलं. अँप्लिफायर अजून तोच होता तर.

"चुकलं, मावशी. बंद करते."

"बंद कर म्हणून कोण म्हणलं? संघपाल पाणी पिऊन राहिला. त्या दिवशी तुझा बाप माझ्यासमोर काय म्हणला, ते तुला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. सांगून टाक. पण आवर लवकर, आमचं वाचन ऱ्हायलंय."

आईने भाजीचं ताट बाजूला सरकवलं. मी बटण दाबलं. विहाराच्या कर्ण्यातून माझाच श्वास मला ऐकू आला.

"बाबा," मी म्हणाले, "पाच-नऊ. त्या दिवशी सगळं पाच-नऊ आलं. आई बोलली तेसुद्धा. ओव्हर."