राजकन्या ईश्वरीबाई यांणी गणिताशी तह केला त्याचे वर्तमान

॥ श्री ॥ पहिले नमन जिणे अक्षर ओळखविले त्या देवतेस, दुसरे नमन जी डबा भरून शाळेत धाडिते त्या मातेस, आणि तिसरे वाचणारास, की त्याणे चूकभूल पोटात घालावी. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपदमास. साहेबी आज्ञा केली की, दहावीच्या निकालापासून अकरावीच्या अर्जापर्यंत मल्लिनाथराव हिंगमिरे यांचे राज्यात जे जे घडले ते लेहून पाठवावे, पदरचे तिखटमीठ लावू नये. आज्ञा मान्य. तिखटमीठ थोडे लागेल, हाताची सवय आहे. आम्ही शेजारच्या दारचे, दोन्ही घरांस भिंत एकच, सर्व मसलती तेथे बसून पोहे खात ऐकिल्या, सबब लेहितो ते ऐकीव नव्हे.

त्या राज्यास नाव नाही, पाण्याच्या टाकीमागे दुसरा मजला ऐसा पत्ता मात्र आहे. मुलूख तीन खोल्यांचा. राज्याचे धनी श्रीमंत मल्लिनाथराव, चौकात यांचे चष्म्याचे दुकान, आणि राणीसाहेब सुवर्णाबाई, मुदपाकखान्याच्या मुखत्यार. त्या मुदपाकखान्यास खिडकी नाही. सतरा वर्षे बाईंनी पंखा लावून फोडण्या दिल्या, मिरचीची फोडणी पडली की अवघे राज्य खोकते, भिंतीअलीकडे आम्हीही खोकतो. उभयतांस एकच कन्या, ईश्वरीबाई, वय वर्षे सोळा, बुद्धीने तेज आणि जिभेने त्याहून तेज. बाईंस लहानपणापासून एकच नाद, घरांचे नकाशे काढावे. जुन्या कालनिर्णयाची पाने पाठकोरी म्हणोन जपावी आणि त्यांवर घर काढावे, आणि प्रत्येक घरात मुदपाकखान्यास मोठी खिडकी ठेवावी. आर्किटेक्ट व्हावे ऐसा मनोदय, तो राज्यात सर्वांस ठाऊक. मग निकाल आला. एकुणात अठ्ठ्याहत्तर टक्के, चौघडा वाजावा ऐसे यश, परंतु गणितात बावन्न! मराठीत एक्याण्णव, विज्ञानात शाहाऐंशी, आणि मध्ये हा गनीम बावन्नावर ठाण मांडून बसलेला. बाईंनी गुणपत्रिका पाहिली आणि तेथेच प्रतिज्ञा केली की, "संपलं. आता उभ्या जन्मात गणिताचं तोंड पाहणार नाही."

मग मसलत भरली. विज्ञान शाखा घ्यावी येथवर एकमत, तंटा पडला तो विषयांवर. मल्लिनाथराव बोलिले, "गणित घ्यायचं. विषय संपला." थोरले काका गुरुसिद्धप्पा या कामी मुद्दाम येऊन दाखल जाहले होते, त्यांणी री ओढिली की, "गणिताशिवाय विज्ञान म्हणजे काही दम नाही हो त्यात. आमच्या ओंकारनं घेतलंच ना?" ईश्वरीबाई बोलिल्या, "ओंकारदादा पेपराला दोनदा बसला, काका." काका पोह्यांकडे वळले. मग राजकन्येने आपला डाव मांडिला की, गणित सोडून भूगोल घेता येतो, भूगोलात मार्क चांगले पडतात, आणि आपणांस तर चित्रेच काढावयाची आहेत. श्रीमंत बोलिले, "लोक काय म्हणतील?" बाई बोलिल्या, "मग लोकांनाच बसवा पेपराला." अहाहा, काय ती फेक! आता येथे एक गोष्ट लेहिणे प्राप्त आहे. सर्वांनी दहावीचे मार्क दहा वेळा पाहिले, काकांनी ओंकारास पाहिले, श्रीमंतांनी लोकांस पाहिले, आम्ही पोहे पाहिले, परंतु पोर ज्या दरवाजाने पुढे जाऊ म्हणते त्या दरवाजावर काय मागतात, हे कोणी म्हणजे कोणीच जाऊन विचारिले नाही.

मग युद्धास तोंड लागले. राजकन्येने अबोला धरिला, जेवणाचे ताट आपले खोलीत नेले, तीन दिवस बापलेकीत शब्द नाही. आमचा जीव टांगणीला लागला, कारण पोहेही बंद. चौथे दिवशी श्रीमंत थकले आणि हात झटकून बोलिले, "घे बाई, घे तुला काय घ्यायचं ते. पण मग रडत माझ्याकडे येऊ नकोस." ऐसी गणिताची शिकस्त जाहली. बाईंनी त्याच दिवशी कॉलेजात जाऊन भूगोल लिहिलेला अर्ज दिला, आणि घरी येऊन गणिताच्या अवघ्या वह्या मातोश्रींच्या पुढ्यात टाकिल्या की, "आई, हे रद्दीत घाल." सुवर्णाबाईंनी वह्या उचलिल्या, बोलिल्या काही नाहीत. या संपूर्ण युद्धात त्यांणी एक शब्द काढिला नव्हता.

पुढे ज्येष्ठ वद्य द्वितीया आली. विषय बदलावयाची ती शेवटची तारीख, सायंकाळी पाच वाजता कॉलेजाची खिडकी बंद होणार. परंतु जिंकणारास तारखेचे काय? बाई विजयाचे पेढे वाटीत हिंडत होत्या, आणि सव्वाचार वाजता रस्त्यापलीकडे नीलांबरी कडेकर यांचे कचेरीत गेल्या. कडेकरबाई स्वतः आर्किटेक्ट, गावातील निम्मी नवी घरे यांच्या हातची. ईश्वरीबाईंनी एका हाताने पेढा दिला आणि दुसऱ्या हाताने कालनिर्णयाच्या पाठीवरला नकाशा दिला. कडेकरबाईंनी नकाशा न्याहाळिला आणि बोलिल्या, "मापं चुकलीत ग. पण स्वयंपाकघरात सकाळचा उजेड कसला सुंदर आणलायस! कुणी शिकवलं?" "कुणी नाही. मी आर्किटेक्टच होणार आहे." "व्हायलाच पाहिजेस. अकरावी-बारावीला गणित घेतलंस ना?" "छे! सोडलं. त्याचेच तर पेढे." कडेकरबाईंचा पेढा अर्धा तोंडात, अर्धा हातात तैसाच राहिला. मग त्या बोलिल्या, "अगं सोन्या, आर्किटेक्चरला बारावीचं गणित लागतं. त्याशिवाय अर्जसुद्धा घेत नाहीत." बाई बोलिल्या, "पण मला चित्रं काढायचीत! गणित कशाला?" कडेकरबाईंनी नकाशातील जिन्यावर बोट ठेविले, "हा बघ. चढणाऱ्याचं डोकं सहाव्या पायरीला छताला आपटेल. चित्र छान आहे. राहणार कोण?"

हाय हाय! ज्या शत्रूस मारून पेढे वाटिले तोच आपल्या किल्ल्याचा दरवाजा धरून बसला आहे, ऐसे राजकन्येस त्या क्षणी कळले. बाई तेथून ज्या धावत सुटल्या त्या चौकापर्यंत थांबल्या नाहीत, पेढ्यांचा पुडा कडेकरबाईंच्या टेबलावरच राहिला. दुकानात मल्लिनाथराव एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासीत होते, गिऱ्हाइकाचे नाकावर तपासणीची चौकट, समोर अक्षरांचा तक्ता, आणि तो गृहस्थ "प... फ... की ष?" ऐसे चाचपडत होता. इतक्यात राजकन्या आत आल्या आणि बापापुढे उभ्या राहोन रडू लागल्या. ज्या बापाने रडत येऊ नकोस म्हणोन बजाविले होते त्याचेच पुढे! हुंदके देत सर्व सांगितले आणि शेवटी बोलिल्या, "अप्पा, मी चुकले. पाचला खिडकी बंद होते." आता वाचणाराने नीट लक्ष द्यावे. मल्लिनाथरावांच्या ओठांवर एक वाक्य आले, "मी तेव्हाच सांगत होतो." ते गिऱ्हाइकास दिसले, त्या चौकटीतूनही दिसले, ऐसे त्याणे मागाहून आम्हांस सांगितले. आणि श्रीमंतांनी ते वाक्य गिळिले! शाबास मल्लिनाथराव! लढाया जिंकणारे पुष्कळ, हे एक वाक्य गिळणारा बाप आम्ही उभ्या आयुष्यात एकच पाहिला. त्यांणी स्कूटरची किल्ली घेतली आणि इतकेच बोलिले, "चल. साडेचार झालेत." गिऱ्हाईक चौकट लावून तैसेच बसले.

मग स्वारी निघाली. सिग्नल लागला, आडवा टेम्पो आला, एका लग्नाची वरात आडवी आली आणि वरातीतले लोक नाचता हटेनात, श्रीमंतांनी हॉर्न वाजविला तो बँडात मिळोन गेला, आणि पाचास दहा कमी असता स्कूटर कॉलेजाच्या आवारात शिरली. खिडकीशी रांग. खिडकीवर कारकून बोधनकर, मनुष्य वाईट नव्हे, परंतु तोंड सदा कडू औषध घेतल्यासारखे. बाईंची पाळी आली तेव्हा घड्याळात चार मिनिटे शिल्लक. बोधनकरांनी आधीचा अर्ज काढिला, गुणपत्रिका पाहिली, चष्म्यावरून राजकन्येस पाहिले आणि बोलिले, "भूगोल काढून गणित? लोक उलटं करायला येतात. आणि गणितात बावन्न आहेत तुला. झेपणार आहे का?"

मल्लिनाथराव काही बोलावे म्हणोन पुढे जाहले आणि पुन्हा मागे सरले, कारण हा जबाब ज्याचा त्याणेच द्यावयाचा होता. ईश्वरीबाईंनी नाक पुसले आणि बोलिल्या, "माहीत नाही, सर. भीती वाटते मला त्याची. पण मला जिथं जायचंय तिथं ते लागतं." बोधनकरांनी अर्जावरला भूगोल खोडिला आणि बोलिले, "कर सही. इथं पालकांची." आणि शिक्का असा मारिला की टेबलावरचा चहा सांडला. फत्ते! आम्ही तेथे नव्हतो, तरी लेहिताना अंगावर काटा येतो.

बापलेक घरी आली, चहा जाहला, आणि मग राजकन्येस आठवण जाहली की वह्या रद्दीत गेल्या. "आई, माझ्या गणिताच्या वह्या?" सुवर्णाबाई उठल्या आणि मुदपाकखान्याचा दिवा लाविला. त्यांणी वह्यांची पाने फळीवर डब्यांखाली अंथरिली होती. मग मातोश्री एकेक डबा उचलू लागल्या आणि कन्या एकेक पान काढू लागली, हळदीखाली त्रिकोणमिती निघाली, साखरेखाली वर्गसमीकरणे, त्यांस मुंग्या लागलेल्या. ऐसे करिता सुवर्णाबाई त्या अवघ्या युद्धात प्रथमच बोलिल्या, "मग आता माझी खिडकी कधी ग?" राजकन्येने बोटे मोजिली, "दोन वर्षं इथली, पाच तिकडची. सात." मातोश्री बोलिल्या, "सतरा काढली, सात काय मोठी. पूर्वेला ठेव हो." आणि पदराने जिऱ्याच्या डब्याखालचे पान पुसून कन्येचे हाती दिले.

एणेप्रमाणे गणिताशी तह जाहला. कलमे दोन: रोज सकाळी एक तास त्यास भेटावे, आणि भीती वाटिली तरी भेटावे. पहिल्या चाचणीत पंचविसांत अकरा पडले, बाई रडल्या, दुसरे दिवशी पुन्हा बसल्या. मल्लिनाथरावांनी ते वाक्य अद्याप बोलिले नाही. राजकन्येने मुदपाकखान्याच्या पूर्वेच्या भिंतीवर पेन्सिलीने पट्टी लावून खिडकीची चौकट आखिली आहे, लांबी, रुंदी, मापे सर्व बरोबर. त्या भिंतीपलीकडे आमची मोरी आहे, तेथे खिडकी कदापि होणे नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. तरी सुवर्णाबाई भिंत रोज पुसतात आणि तेवढी चौकट सोडून पुसतात.