अंधार मागणारे नाना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारोदार जाऊन "तासभर दिवे मालवा हो" असं म्हणणारा माणूस साऱ्या डोंबिवलीत एकच होता: आमचे शेजारी नाना गद्रे. नाना परवा गेले.

मी सांगतोय ती स्वातंत्र्यानंतरची पाच-सात वर्षं. नाना ठाण्याच्या कचेरीतून घरी आले की अंगणात दुर्बीण मांडत. तिला कॅमेरा बांधून देवयानी नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढणं हा त्यांचा ध्यास. त्याला हवी अमावस्या, आणि देवयानी चांगली वर येते दिवाळीच्या सुमारास. म्हणजे नेमकी तीच अमावस्या, जेव्हा आम्ही ओटाभर पणत्या लावायचो!

"नाना, अंधारात लक्ष्मीला वाट कशी सापडायची?" आई विचारायची.

"वहिनी, तो उजेड तिकडून निघून लाखो वर्षं झाली. लक्ष्मीला तासभर थांबायला काय झालं?"

एरवीच्या अमावस्यांनाही नाना अंगणात काळं कापड पांघरून बसत, मग न्हाणीघरात लाल कागद गुंडाळलेला कंदील लावून फोटोच्या काचा धूत. औषधांचा वास आळीभर. नव्या बिऱ्हाडातल्या बाईंनी मुलांच्या गळ्यात ताईत बांधले.

एका फोटोला तास लागे. आकाश सरकतं, म्हणून दुर्बिणीला डोळा लावून एक स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं. हलायची सोय नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, शेजारी पाटावर बसून त्यांना चिवडा भरवत.

"आ करा."

"अगं हळू! भिंगावर वाफ धरते."

शेवटी काचेवर उमटायचा एक पुसट डाग. कुणाच्या तरी पणतीचा उजेड आड यायचाच. "दही सांडलंय वाटतं," आई एकदा म्हणाली. नाना आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

एका भाद्रपदात काकू गेल्या. त्या वर्षी नानांकडे दिवाळी नव्हती. रिवाजाप्रमाणे आम्ही शेजाऱ्यांनी फराळाची ताटं पोचवली. आणि आईच आळीत घरोघर सांगून आली, "दिवे मालवायचे नाहीत. पूजा झाली की आत घेऊ नि दारं लावू. होऊ दे त्यांचा एक फोटो."

आळी खरंच काळी झाली. चांदण्या कौलांवर टेकल्यासारख्या दिसत होत्या. मी ओट्यावरून नानांच्या अंगणाकडे बघत होतो. दुर्बीण मांडलेली होती, पण तिचं झाकण काही निघालं नाही. थोड्या वेळानं नानाच आमच्या पायरीशी आले.

"काय नाना, ढग आले का?"

"नाही रे. स्वच्छ आहे."

आईनं दार किलकिलं केलं. "अहो, तुमच्यासाठी तर केलंय हे सगळं!"

"हो ना वहिनी. काळोख फार चांगला पडलाय." ते फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा तासभर तुमच्यात येऊन बसू का?"