बारा संगणकांचा मानाचा वाटा

समजा, तुम्ही कारा-बुलुनच्या शाळेत सहावीत आहात. मार्च महिना असूनही नारीन नदीच्या काठावर बर्फ आहे, वर्गात कोळशाची शेगडी आहे आणि आज मंगळवार, म्हणजे संगणकाचा तास. तुमच्यासमोर एक पुठ्ठा आहे. त्यावर बाईंनी शाईने चौकोन आखून अक्षरं लिहिली आहेत. त्या चौकोनांवर बोटं आपटायची आणि काय उमटलं असतं ते मनात आणायचं. चूक झाली, तर प्रामाणिकपणे हात वर करायचा. जमलं समजायला? मग बेगायिमच्या शेजारी जरा सरकून बसा, कारण गोष्ट तिची आहे.

बेगायिम पुठ्ठ्यावर मिनिटाला चाळीस शब्द लिहीत असे. जिल्ह्यात एवढं कोणीच लिहीत नव्हतं. फक्त ते तपासायची सोय नव्हती.

खरे संगणक शाळेत होते. चांगले बारा, वर्गातल्या मुलांइतकेच. पण त्यांतली प्रणाली कोणीतरी बाजारातून फुकटात, म्हणजे चोरून, आणून भरलेली होती. दर अर्ध्या तासाने पडदा काळा पडे आणि ‘आपण फसवणुकीचे बळी असू शकता’ अशी सहानुभूती रशियन भाषेत व्यक्त होई. शाळेची अब्रू जाऊ नये म्हणून मुख्याध्यापकांनी खोलीला कुलूप घातलं. अब्रू आत सुरक्षित राहिली. इकडे मे महिन्यात जिल्ह्याची परीक्षा होती, ती मात्र खऱ्या यंत्रावर. वर्ग नापास झाला, तर कारा-बुलुनला संगणकांची गरज नाही असं सिद्ध होऊन बाराही यंत्रं जिल्ह्याला जमा होणार होती.

म्हणून झूराकान बाईंनी आदल्या सप्टेंबरातच राजधानीला एक पत्र लिहिलं होतं. बिश्केकमध्ये सहा जण असे होते, की जे दिवसा नोकरी करून संध्याकाळी एका खुल्या संगणकप्रणालीचं किर्गिझ भाषांतर करत. खुली म्हणजे कोणाच्याही मालकीची नसलेली: हवी त्याने घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. त्या सहांपैकी एर्मेक नावाच्या बँकेतल्या माणसाने लगेच उत्तर पाठवलं: ‘शनिवारी येतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.’

एवढ्यावर थांबले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी तुम्हाला दुसरी सांगितली असती. पण सहाही जण सुसंस्कृत घरांतले होते. आपल्याकडे शेजाऱ्याचं घर बांधायला सगळा गाव फुकट राबतो, त्याला आशार म्हणतात. आणि कुणा पांढऱ्या दाढीच्या माणसाने दोन्ही तळहात उघडून आशीर्वाद दिल्याशिवाय आशारात पहिली वीटही ठेवत नाहीत. एर्मेकने असा आशीर्वाद मागायला ओमुर्झाक आजोबांना फोन केला. ते जिल्ह्याच्या गावात राहत आणि गुरांच्या दवाखान्याचे निवृत्त प्रमुख होते. त्यांनी संगणक कधी चालवला नव्हता, पण दाढी निर्विवाद होती.

ओमुर्झाक आजोबा म्हणाले, की एवढं मोठं देशकार्य एकट्याने करणं बरं दिसत नाही. त्यांनी आपल्या बरोबरीचे अकरा जण बोलावले. अशा रीतीने ‘खुल्या प्रणालीच्या प्रसारासाठी राष्ट्रीय स्वयंसेवी आशार’ स्थापन झाला. सभासद अठरा: बारा मार्गदर्शक आणि सहा काम करणारे. काम करणाऱ्यांना मत नव्हतं, कारण त्यांच्याकडे काम होतं.

पहिल्या बैठकीत कोणी कुठे बसायचं हा विषय निघाला. दारासमोरची, सगळ्यात आतली जागा मानाची. ती सर्वांत वडील माणसाची. दोघांचा जन्म एकाच वर्षातला निघाला. महिना कुणालाच ठाऊक नव्हता. एकाच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे तो मेंढ्या व्यायच्या दिवसांत जन्मला होता. दुसऱ्याने विचारलं, की कुठल्या कुरणातल्या मेंढ्या, कारण वरच्या कुरणात त्या उशिरा वितात. हा मुद्दा चार महिने चालला. इतिवृत्त व्यवस्थित टंकलं जात होतं. ज्या प्रणालीत टंकलं जात होतं तीही बाजारातूनच आणलेली होती, पण ती काळी पडली की सर्वजण त्याला चहाची सुटी समजत.

चहा एर्मेक ओतत असे. तो चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. म्हणजे समितीतलं शेंडेफळ. शाळेत जायचं कधी, असं त्याने दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्याला सांगण्यात आलं, की विषय पटलावर नाही. दुसऱ्यांदा, की किटलीतलं पाणी संपलंय.

जानेवारीत घटना लिहिली गेली. तिचं सातवं कलम कडक होतं: स्वयंसेवक सेवेच्या बदल्यात मांस, पीठ किंवा कोणतंही पेय स्वीकारणार नाही. एकमताने टाळ्या वाजल्या. मार्चमध्ये शाळेची तारीख ठरली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं, की पाहुणे जाणार म्हणजे यजमान मेंढी कापणार, आणि प्रत्येक पाहुण्याला त्याच्या मानाप्रमाणे हाड मिळणार. मेंढीची मानाची हाडं मोजून बारा. ज्याने त्याने आपापलं हाड पिशवीत घालून घरी न्यायचं, अशी रीत. घ्यावं तर घटनाभंग. न घ्यावं तर यजमानाचा असा अपमान, की गाव सात पिढ्या विसरायचा नाही. समिती दोन बैठका हवालदिल होती. शेवटी ठराव झाला: यजमानाने मानाचा वाटा अवश्य द्यावा, मात्र तो खाद्यपदार्थ नसावा.

शनिवारी सकाळी एर्मेक आणि त्याचे पाच सोबती आठला शाळेत पोचले. मार्गदर्शक साडेबाराला येणार होते, म्हणून काम झालं. बारा वाजता बाराही यंत्रं सुरू होती आणि चक्क किर्गिझ बोलत होती. बेगायिमने खऱ्या कळांवर बोटं ठेवली. पुठ्ठा दाबला जात नाही, कळ दाबली जाते; पहिल्या ओळीत अकरा चुका झाल्या. दुसऱ्या ओळीत तीन. चौथ्या ओळीत ती हसायला लागली, कारण चूक खोडताही येते हे पुठ्ठ्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

साडेबारा म्हणजे दीडला पाहुणे आले. मुलांना उठवून भिंतीशी उभं केलं. ओमुर्झाक आजोबांनी पाऊण तास भाषण केलं. आमच्या पूर्वजांनी कुरणाला कुंपण घातलं नाही, म्हणाले, तसंच हे. त्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं. त्यांनी यंत्राकडे निरखून पाहिलं, ओळखीचं एकच बटन दिसलं, ते दाबलं. यंत्र बंद झालं. जोरदार टाळ्या पडल्या.

मग वाट्याची वेळ आली. मुख्याध्यापकांनी ठरावाचा कागद वाचला, खोलीत नजर फिरवली. खडू होता, शेगडी होती, नकाशा फाटका होता. पाहुणे बारा होते. आणि खोलीत न खाण्याजोग्या, मानाच्या वस्तूही बाराच होत्या.

झूराकान बाई पुढे झाल्या. मुलांची परीक्षा मे महिन्यात आहे, हे त्यांनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

“बाई,” ओमुर्झाक आजोबा समजुतीने म्हणाले, “प्रसार कशाला म्हणतात? यंत्र इथेच राहिलं, तर कसला प्रसार? आमच्या प्रत्येकाच्या घरी एक असलं, की येणारा-जाणारा बघेल.”

“पण तुम्ही ते चालवणार आहात का?”

“चालवायला पोरं आहेत ना देशात.”

सर्वांत नवं यंत्र आजोबांना, त्याखालचं त्यांच्या समवयस्काला, असं क्रमाने वाटप झालं. मेंढ्या नेमक्या कधी व्याल्या ते आता ठाऊक असल्यासारखं सगळं बिनबोभाट पार पडलं. राहिली मुलं. रीतीप्रमाणे मेंढीच्या डोक्यातले कान लहान मुलांना देतात, म्हणजे ती मोठ्यांचं ऐकतात. त्यामुळे प्रत्येक यंत्राला लावलेले हेडफोनचे जोड, कानांवर घालायचे ते, सोडवून बारा मुलांना एकेक देण्यात आले. त्यांची दुसरी टोकं कशाला जोडावीत याबद्दल ठराव मौन बाळगून होता.

गाड्या भरायला एर्मेकच होता. शेवटचा पडदा चादरीत गुंडाळताना बेगायिम त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“दादा, तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“मी सगळ्यात लहान आहे गं त्यांच्यात.”

“मग मी कोण?”

एर्मेक चादरीची गाठ मारत राहिला. “तू घरची. घरच्यांना काही मिळत नाही,” तो म्हणाला. “जे मिळतं ते पाहुण्याला.”

सोमवारी अहवाल निघाला. त्यात लिहिलं होतं, की एका दिवसात बारा कुटुंबं खुल्या प्रणालीशी जोडली गेली. राजधानीतल्या एका कार्यालयाने हा आकडा गावांचा समजून छापला. शाळेच्या दारावर बारा मार्गदर्शकांची नावं, पत्त्यांसह, चौकटीत लावण्यात आली. मंगळवारी बाईंनी कपाटातून पुठ्ठे काढले. बेगायिमने पुठ्ठा पाहिला, त्याच्यावर बोटं ठेवली, आणि काढून घेतली.

पुढच्या रविवारी ओमुर्झाक आजोबांच्या दारात बारा मुलं उभी होती, नऊ किलोमीटर चालून आलेली, प्रत्येकाच्या गळ्यात तो कानांचा जोड. आजींनी काही विचारलं नाही. दारात आलेल्याला खाऊ घालण्याआधी कारण विचारणं आपल्यात बसत नाही. पाट-गाद्या पडल्या, रोट्या फोडल्या गेल्या, जर्दाळूचा मुरंबा आला, तीन किटल्या चहा झाला. यंत्र कोनाड्यात होतं. वर भरतकामाचं झाकण, त्यावर फुलदाणी. वीज जोडलेली नव्हती.

खाणं आटोपल्यावर आजोबांनी यजमानाने विचारायचं ते विचारलं. “बोला पाहुण्यांनो, जाताना काय देऊ?”

बेगायिमने गळ्यातला जोड काढून चहाच्या वाटीशेजारी ठेवला.

“आजोबा, आम्हाला नुसते कान मिळाले. डोकं इथे आहे म्हणतात.”

आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. हे सन्मानाचं आहे, म्हणाले. यासाठी समिती बोलवावी लागेल, म्हणाले. तोवर आजींनी फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली होती, आणि दारात आलेला पाहुणा रिकाम्या हाताने जाणं म्हणजे काय, हे त्यांनी नवऱ्याला एका नजरेत सांगितलं.

मुलांनी यंत्र आळीपाळीने उचलून शाळेत आणलं. बेगायिमने दारावरच्या चौकटीतलं पहिलं नाव पेन्सिलने खोडलं. मग यादी चौकटीतून काढून खिशात घातली, कारण पुढचं नाव बिश्केकचं होतं आणि बस सकाळी सहाची होती.

बारा नावं संपल्यावर ती थांबेल, असं मला वाटत नाही. त्या शनिवारी बटन दाबल्यावर टाळ्या कोणी कोणी वाजवल्या, हेही तिने लिहून ठेवलं आहे. आणि तुम्ही तिच्या अगदी शेजारी बसला होतात.