वाचनालयातलं पहिलं लग्न

आमच्या तापीकाठच्या गावचं जुनं दगडी वाचनालय पडण्यापासून कुणी वाचवलं? मी, पितांबरनं! पुस्तकं वाळवीनं खाल्ली, उरलेली पंचायतीच्या माळ्यावर गेली. कुणी म्हणालं, इमारतीत कापूस भरा; कुणी म्हणालं, गुरं कोंडा. मी ग्रामसभेत ठणकावून सांगितलं, "मंगल कार्यालय करा!" टाळ्या पडल्या. पण पहिलं लग्न द्यायला कुणी पुढे येईना. मग माझी जीभ सैल सुटली. "पहिलं लग्न माझ्या वत्सलेचं!"

वत्सलेची दोन स्थळं आधीच मोडलेली. कळसाडीचं हे तिसरं. हेही गेलं, की पोर जन्मभर घरात.

वऱ्हाड आलं आणि आत बघतो तर काय, चिडीचूप! आमच्या लोकांना त्या इमारतीत कुजबुजण्याचीच सवय. उंबरा ओलांडला की आवाज आपोआप खाली. बाया डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडेला बसलेल्या. सनईवाला सनई काखेत मारून उभा.

"अरे, वाजव की."

"वाचनालयमा?" तो हळूच म्हणाला.

नवरदेवाचे वडील लोटनभाऊ दारातच थबकले. "पितांबरभाऊ, खरं सांगा. कोन मरनं?"

"कोनी नही!"

"मंग सगळा असा चूप का बठेल शेतस? तुम्हना वडील कोठे शेतस?"

वडील, धुडकूआबा, महिनाभर अंथरुणाला खिळलेले. सुतक लपवून लग्न उरकतायत, असा लोटनभाऊंना पक्का संशय आला. "माले दखाडा. नही तं वऱ्हाड माघारी."

चौघांनी आबांना खाटेसकट उचलून आणलं. उन्हातून आणताना आबा कण्हत होते, पण मला थांबायची सोय नव्हती. आत आल्यावर ते कोपरावर उठले आणि खेकसले, "जित्ता शे मी! लगीन लावा आते."

सगळे खो खो हसले. सनई सुरू झाली. मी आबांना खांबाला टेकवून बसवलं, अंगावर घोंगडी घातली.

दुसऱ्या मंगलाष्टकाला मी सहज वळलो. आबांची मान कलली होती, डोळे उघडे. हात नाकाशी धरला. श्वास नव्हता.

बोललो असतो तर सुतक लागलं असतं, पोर अर्ध्या लग्नात अडकली असती. मी त्यांचे डोळे मिटले, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली आणि अक्षता टाकल्या. मला रडू आवरेना. मग रडलो मनसोक्त. लेकीच्या बापाच्या रडण्याचं कुणाला नवल!

सप्तपदी झाली. लोटनभाऊ म्हणाले, "आबाना आशीर्वाद ल्या." वत्सला वाकली. मी आबांचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं तो हात आपल्या हातात धरला, आणि धरूनच राहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मामंजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "आबा झोपी गयात. त्यासले उठाडू नका. निंघू आपन."

गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. मग मी आबा गेल्याचं सांगितलं. तिन्हीसांजेला त्यांना मसणात नेलं, तेव्हा गावातल्या बाया आपसात म्हणत होत्या, पितांबरची पोर भारी कोरडी, आजारी आजोबाला सोडून जाताना टिपूस काढलं नाही.