ह्यांच्या नावाचं ऊन

“ह्या गोळ्या नाहीत, मावशी. ह्या सवयी आहेत. एकवीस दिवस नेमानं पाळायच्या,” डॉक्टर गायत्रीबेननी बजावलं होतं.

पाळायचं म्हटल्यावर मंगलाबाई निश्चिंत झाली. अख्ख्या नवागामात पाळण्याच्या बाबतीत तिचा हात कोण धरणार? सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या! उपासाला सुट्टी मिळालीच तर रविवारी, आणि त्या दिवशीही ती मीठ सोडायची.

अडचण नवऱ्याची होती. लोटू चाळीस वर्षं कापडाच्या लूमवर राबला. कारखाना बंद पडला आणि तो विझल्या चुलीसारखा घरी येऊन बसला. बसला कसला, भिंतीकडे तोंड करून पडला. ताट वाढलं की “माले भूक नही,” एवढंच बोलायचा.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं. मेंदूत म्हणे रस असतात. ते चढले-उतरले की माणसाचं मन चढतं-उतरतं. सेरोटोनिन, डोपामिन, एंडॉर्फिन. मंगलाबाईनं ती नावं तीन देवींसारखी घोकली. सकाळचं ऊन घ्यायचं, चालायचं, चार माणसांत हसायचं, वेळेवर जेवायचं नि झोपायचं. ह्यानं त्या रसांना बळ मिळतं. फरक नाही पडला तर गोळ्या देऊ, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. मंगलाबाईला गोळ्यांची भीती नव्हतीच. घरातलं माणूस घरातल्या घरात हरवत चाललंय, ही भीती होती.

तीन दिवस तिनं लोटूची विनवणी केली. त्यानं फक्त कूस बदलली. चौथ्या दिवशी पूजा करताना तिला उपाय सुचला. वडाला दोरा बायको गुंडाळते, आयुष्य नवऱ्याचं वाढतं. त्यासाठी नवऱ्याला काही वडाभोवती फिरवत नाहीत. मग उन्हाचं तरी वेगळं काय? तिनं तळहातावर पाणी घेतलं, इकडंतिकडं बघून कधी नव्हे ते नवऱ्याचं नाव उच्चारलं आणि संकल्प सोडला.

दुसऱ्या दिवसापासून लोटूच्या नावानं ती डिंडोलीच्या तळ्यापर्यंत चालू लागली. लोटूच्या नावानं पूर्वेकडे तोंड करून ऊन घेऊ लागली. तळ्यावर गुजराती म्हाताऱ्यांचा हास्य क्लब होता. जन्मात मोठ्यानं न बोललेली मंगलाबाई तिथं तोंडाला पदर लावून, हात वर करून, ‘हो हो हा हा’ करू लागली. तेही लोटूच्याच नावानं.

व्रताच्या चौथ्या दिवशी लोटूनं भिंतीकडचं तोंड वळवलं. “कथा चालनी व?” कुठं निघालीस, असं त्यानं विचारलं.

केलेलं व्रत सांगितलं की फळ जातं. म्हणून “काम शे,” एवढं बोलून ती सटकली. बायको भल्या सकाळी नटल्यासारखी ताजीतवानी होऊन कुठं जाते आणि गालात हसत कशी परत येते, ह्याचा उलगडा लोटूला झाला नाही.

आठव्या दिवशी त्यानं दुसरी भाकरी मागितली. बाराव्या दिवशी नऊलाच घोरू लागला. शेजारची धुरपदाबाई मंगलाबाईला बघून पदराआड हसायची. जळते बिचारी, असं म्हणून मंगलाबाईनं तिच्यासाठीही एक उदबत्ती लावली.

एकविसावा दिवस संपला आणि ती ताठ मानेनं दवाखान्यात गेली. भाकऱ्यांचा नि घोरण्याचा सगळा वृत्तांत दिला.

“वा! काका रोज किती चालतात?”

“ते कशाला चालतील? मी चालते ना.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि ऊन? हसणं?”

“मीच घेते, मीच हसते. पण नाव त्यांचंच घेते हो.”

“मावशी, तुमच्या उन्हानं काकांचा मेंदू कसा सुधारेल?”

“मग दोन भाकऱ्या कोण खातं?”

डॉक्टरीणबाईंचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. समोर मगनच्या केळ्याच्या गाडीमागं, टॉवेलनं डोकं-तोंड बांधलेला एक म्हातारा दवाखान्याच्या दारावर डोळा ठेवून उभा होता. टॉवेलाची एक बाजू उचलून तो केळं खात होता. मगनला खिडकीशी बोलावलं, तर त्यानं सगळंच सांगून टाकलं. हे काका रोज काकींच्या मागं मागं तळ्यापर्यंत येतात, झाडाआड उन्हात उभे राहतात आणि काकी हात वर करून हसू लागल्या की पोट धरून हसतात. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

मंगलाबाई लाल झाली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर पाळत ठेवतो? ती तरातरा उठली, पण दारापर्यंत जाऊन थांबली. टॉवेलातून दिसणारे ते डोळे जागे होते.

“म्हणजे माझं व्रत फुकट गेलं?” तिनं हळूच विचारलं.

“फुकट कसं? फळ तर तुमच्या मागं पायी पायी आलंय. आता एक वचन द्या. त्यांना काही कळू द्यायचं नाही. रस्त्यात मागं वळून बघायचं नाही.”

तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दिवा लावून मंगलाबाई बाहेर पडली. कोपऱ्यावर आली तेव्हा मागं घराचं दार हळूच कुरकुरलं. तिची मान वळायला आली. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. मग लोटूचा उजवा गुडघा सकाळी धरतो हे आठवून, समोरच बघत, ती जरा सावकाश चालू लागली.