मेहुण्याचा लॅपटॉप नको

आमच्या घरात काहीही टाकून दिलं जात नाही. याला चिकटपणा म्हणणारे लोक आहेत आणि ते सगळे माझ्या सासरचे आहेत.

बायकोचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. अशात तिच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. कित्येक वर्षं शाळा तीच ओढत होती, खुर्ची तेवढी दुसऱ्याची. मुलाखतीत शाळेसाठीची योजना पडद्यावर दाखवायची होती. मेहुणा म्हणाला, "ताई, माझा नवा लॅपटॉप ने की."

मेहुण्याचे उपकार? माझ्या घरात? मी म्हणालो, "काही गरज नाही. हाच लॅपटॉप पळवून दाखवतो!"

विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकट प्रणाली मिळते; तिची एक हलकीफुलकी जात असते, ती पेनड्राइव्हवर मावते. पेनड्राइव्ह लावायचा, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. चालू असेपर्यंत सगळं काम लॅपटॉपच्या डोक्यात राहतं, आणि बंद होताना तो ते पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो. हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. ध्यानात ठेवलं नव्हतं.

लॅपटॉप खरंच पळायला लागला. मी मेहुण्याला मुद्दाम फोन करून कळवलं. बायको आठवडाभर योजनेवर बसली होती. उठताना नुसतं झाकण मिटायची, बंद करायची नाही. गळणाऱ्या वर्गखोलीचे फोटोसुद्धा तिने त्यात घातले होते.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "झालं एकदाचं. बंद करते."

आमच्या घरात एक नियम आहे, अर्थात माझा: कुठलंही यंत्र बंद करण्याआधी त्याला लावलेलं सगळं काढून घ्यायचं. मी पेनड्राइव्ह काढला, रुमालाने पुसला आणि तिच्या पर्समध्ये ठेवला.

"अहो, हा काहीतरी विचारतोय. काम ठेवायला जागा सापडत नाही, तरी बंद करू का म्हणतोय."

"हो म्हण. म्हातारपणी शंका फार येतात."

"नक्की ना?"

"मी आहे ना!"

ती हो म्हणाली. लग्नाच्या वेळीही असंच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली.

"पेनड्राइव्हमध्ये काही नव्हतं."

"काही म्हणजे?"

"काहीच नाही. मग शाळेच्या कारकुनाने त्यावरून आपला लॅपटॉप पुन्हा सुरू करून बघितला. तुमचं लिनक्स आलं. कोरं करकरीत."

"मग तोंडी सांगायचंस."

"सांगत होते हो. पण ऐकतंय कोण? संस्थेचे अध्यक्ष कारकुनाला विचारत होते, हे कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतं का म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागा दुसऱ्याच बाईंना मिळाली. त्यांच्या योजनेत वर्ग गळत नव्हते.

मग अध्यक्षांचा फोन आला. शाळेच्या अडगळीच्या खोलीत बंद पडलेल्या लॅपटॉपांचा ढीग होता. "तुमच्यासारखी माणसं हवीत शाळेला," ते म्हणाले. मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

सुट्टीच्या दिवशी जाऊन मी एकेक पेनड्राइव्ह लावून सगळे लॅपटॉप चालू करून दिले. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझं तोंड भरून कौतुक केलं. रोज शाळा सुटल्यावर हे लॅपटॉप नीट बंद करायला कुणीतरी अनुभवी माणूस हवं, असंही त्या म्हणाल्या. ते काम माझ्या बायकोला मिळालं.

आता ती घरी उशिरा येते. एकेक लॅपटॉप पूर्ण बंद होईपर्यंत त्याच्याजवळ उभी राहते, मगच पेनड्राइव्ह काढते.

परवा मी भीतभीत विचारलं, "मी येऊ का मदतीला?"

"नको," ती म्हणाली. "तुम्ही आधीच खूप केलंत."